ढगाळ दिवसाची वाट पाहणारी बाई

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. भाऊबीजेच्या दिवशी जेवणं झाली, पानं लावून झाली आणि नेहमीप्रमाणे वाड्याचा विषय निघाला. आमचा वाडा 2019 मध्ये पाडला. तुळया खचल्या होत्या, दोन पावसाळे मागच्या भिंतीला टेकू देऊन काढले होते, त्यामुळे त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण आत्या म्हणाली, "आपला सोपा नऊ खणी होता." काका म्हणाले, "छे! अकरा. मी लहानपणी मोजलेत." आत्या म्हणाली, "तू काय मोजतोस, तुला तेव्हा वीसपर्यंत येत तरी होतं का?" हसाहशी झाली आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. कारण पाडण्याआधी फोटो काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

मी काढले होते की! दोनशेच्या वर. लगेच लॅपटॉप उघडला. दाराची पितळी कडी, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. देवळीतली काजळी. जिन्याच्या झिजलेल्या पायरीवर बसलेली भाची. परड्यातल्या लिंबाची सावली भिंतीवर. आणखी एक कडी. एकाही फोटोत सोपा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत नव्हता. आत्यानं चष्मा लावून सगळे पाहिले आणि म्हणाली, "फोटो छान आलेत गं. पण यात घर कुठाय?"

त्या रात्री मला हिला बेशर या बाईंची आठवण झाली. खरं म्हणजे थोडी शरमच वाटली. एम.ए. करताना पुण्यातल्या एका ग्रंथालयात त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं एक जाडजूड पुस्तक माझ्या हाती आलं होतं. पानापानावर पाण्याच्या टाक्या. एका पानावर एक टाकी, समोरून, करड्या आभाळाखाली. पुढच्या पानावर दुसरी. ना माणूस, ना पक्षी, ना ऊन. वीस पानं उलटून मी ते मिटून ठेवलं होतं आणि मैत्रिणीला म्हटलं होतं, जर्मन लोकांना उद्योग नाहीत.

तर त्या हिला बेशर. ('हिला' या नावामुळे मराठीत लिहिताना पंचाईत होते. 'हिलाला' म्हटलं की वाचणारा अडखळतो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.) माहेरचं आडनाव वोबेझर. जन्म 2 सप्टेंबर 1934, बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी. आई फोटोग्राफीचं शिक्षण घेतलेली होती, त्यामुळे घरात कॅमेरा परका नव्हता. युद्ध संपलं तेव्हा ही मुलगी दहा वर्षांची, आणि पॉट्सडॅम रशियनांच्या ताब्यात गेलेलं. पुढे शाळेशी फारसं जमलं नाही आणि ती गावातल्या वॉल्टर आइकग्र्यून नावाच्या जुन्या फोटोग्राफरकडे उमेदवारी करू लागली. या स्टुडिओचं एक मोठं काम म्हणजे तिथल्या राजवाड्यांचे आणि बागांचे फोटो काढणं. सांसुसी हा प्रशियाच्या राजाचा प्रसिद्ध राजवाडा पॉट्सडॅमचाच. मोठा लाकडी कॅमेरा, जड तिपाई, काचेच्या प्लेटा, आणि शिस्त अशी की खांब सरळ म्हणजे सरळच दिसला पाहिजे, पुतळ्याचं नाक दिसलं पाहिजे, पायरीची कड दिसली पाहिजे. इमारतीचा फोटो इमारतीसाठी काढायचा, आपली हौस भागवायला नाही, हे या मुलीच्या हाताला तिथंच लागलं. पुढे आयुष्यभर तिनं हेच केलं, फक्त राजवाड्यांच्या जागी भट्ट्या आणि खाणी आल्या.

1954 मध्ये ती पश्चिम जर्मनीत आली. हॅम्बर्गमध्ये काही काळ काम करून 1957 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका जाहिरात संस्थेत लागली. तिथंच बेर्न्ट बेशर भेटला.

बेर्न्ट झीगन भागातला. हा भाग लोखंडाचा; डोंगरात खनिज, दरीत भट्ट्या, आणि घराघरात खाणीत नाहीतर भट्टीवर जाणारी माणसं. याचे नातेवाईकही त्यातलेच. हा मात्र चित्रकार व्हायला निघाला. त्याला आपल्या लहानपणची खाण चित्रात पकडायची होती, अगदी बारकाव्यानिशी. 1957 च्या सुमारास तो तिथं चित्र काढायला बसला तर खाण पाडायला सुरुवात झालेली. हा पेन्सिलीनं एक कोपरा पुरा करतो तोवर दुसरा कोपरा गायब! शेवटी त्यानं एक छोटा कॅमेरा पैदा केला, म्हणजे निदान फोटो पाहून घरी चित्र पुरं करता येईल. फोटोग्राफी त्याच्या आयुष्यात आली ती अशी, नाइलाजानं. त्याला फोटोग्राफी येत नव्हती आणि हिला यांना ती पक्की येत होती. 1959 पासून दोघं एकत्र फोटो काढू लागले, 1961 मध्ये लग्न झालं.

त्या काळचं जर्मनी डोळ्यांपुढे आणायला हवं. युद्धात जमीनदोस्त झालेला देश झपाट्यानं उभा राहत होता, आणि त्याच वेळी रूर खोऱ्यातल्या कोळसा खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. तेल स्वस्त झालं होतं, बाहेरचा कोळसा स्वस्त पडत होता. खाण बंद झाली की तिचा लोखंडी मनोरा भंगारात जायचा. त्याचं कुणाला वाईट वाटण्याचं कारण नव्हतं. काळ्या धुराचे, काजळीचे, बापाला लवकर म्हातारा करणारे ते सांगाडे. कलेच्या जगात तर ही वस्तू बघण्यासारखी आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. या नवरा-बायकोंनी ठरवलं की हे सगळं जाण्याआधी नोंदवून ठेवायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. फोक्सवॅगनची एक जुनी व्हॅन, त्यात कॅमेरा, शिड्या, अंथरूण, शेगडी. 1964 मध्ये मुलगा झाला, तोही व्हॅनमध्येच. 1966 मध्ये ब्रिटनमधल्या एका शिष्यवृत्तीवर सहा महिने इंग्लंड आणि साउथ वेल्सच्या कोळसा दऱ्या पालथ्या घातल्या. पुढे बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, हॉलंड, अमेरिका. सगळं मिळून जवळजवळ पन्नास वर्षं.

आता त्यांची पद्धत सांगते, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे.

कॅमेरा मोठा, तेरा बाय अठरा सेंटिमीटरच्या निगेटिव्हचा. फोटो कृष्णधवल. ऊन असेल तर कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. उन्हात सावल्या पडतात, आणि सावलीत अर्धी इमारत लपते. म्हणून दिवस ढगाळ हवा, तोही सकाळचा, आणि शक्यतो वसंतात किंवा शरद ऋतूत, कारण भर उन्हाळ्यात झाडांची पानं आडवी येतात. आभाळ एकसारखं करडं पाहिजे, म्हणजे एका टाकीचा फोटो दुसऱ्या टाकीशेजारी ठेवला की आभाळ बदललंय असं वाटू नये. कॅमेरा जमिनीवरून वर रोखला की उंच वस्तू वरती निमुळती होत गेलेली दिसते, हे आपण सगळ्यांनी लग्नाच्या फोटोतल्या मंदिराच्या कळसाबाबत पाहिलंय. तसं होऊ नये म्हणून ते समोरच्या छपरावर, टेकाडावर, शिडीवर, कधी शेजारच्या मनोऱ्यावर चढायचे, वस्तूच्या साधारण निम्म्या उंचीवर कॅमेरा न्यायचे आणि उरलेली दुरुस्ती लेन्स वरखाली सरकवून करायचे. सगळे खांब ताठ. एक्सपोजर इतकं लांब की मधून कुणी चालत गेला तर त्याची खूणही उरू नये.

या सगळ्यात परवानगी मिळवण्याचा भाग वेगळाच. खाणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला पटवायचं की आम्ही हेर नाही, दुसऱ्या कंपनीचे नाही, वर्तमानपत्रवालेही नाही. मग तुम्ही कोण? नुसता फोटो काढायचाय? कशाला? याचं एका वाक्यात देता येईल असं उत्तर त्यांच्याजवळही नसणार.

एवढं करून मिळालेले फोटो ते जातीनुसार मांडायचे. पाण्याच्या टाक्या एका जागी, वायूच्या टाक्या दुसरीकडे, चुन्याच्या भट्ट्या, थंडावा देणारे मनोरे, कोळशाच्या वखारी, खाणीच्या तोंडावरचे चाकांचे मनोरे. नऊ, बारा, पंधरा फोटो ओळीत, चौकटीत. एकटी टाकी म्हणजे टाकी. पण पंधरा टाक्या शेजारी शेजारी आल्या की डोळा आपोआप फरक शोधायला लागतो. ही गोल, ती बुडाशी निमुळती, हिला मुकुट घातलाय, तिला पाय फेंगडे. पाणी उंचावर साठवायचं म्हणजे खाली नळाला दाब मिळतो, एवढं एकच काम, आणि ते करायला माणसांनी किती तऱ्हा काढल्या! आपल्याकडे लग्नात एका घरातल्या सात जावा ओळीनं बसल्या की आपण नाही का नाकं आणि डोळे ताडून बघत, तसंच हे.

मला स्वतःला खाणीच्या मनोऱ्यांचे फोटो सगळ्यात आवडतात. माथ्यावर मोठी चाकं, त्यांवरून दोर खाली खाणीत जातो, आणि दुसरं टोक बाजूच्या यंत्रघरात. यंत्र दोर ओढतं तेव्हा मनोरा त्या बाजूला कलंडायला बघणार, म्हणून त्याच बाजूला दोन तिरके पाय टेकू द्यायला असतात. एकदा हे कळलं की कुठल्याही फोटोत यंत्रघर कुठल्या अंगाला आहे ते न दिसताही ओळखता येतं. मला यंत्रातलं काही कळत नाही, तरी हे मी फोटो बघून शिकले. माझ्या कड्यांच्या फोटोंवरून कुणी काय शिकेल?

पेनसिल्व्हेनियातल्या मनोऱ्यांची कथा तर ऐकण्यासारखी आहे. 1970 च्या दशकात तिथल्या डोंगरात त्यांना लहान लहान लाकडी सांगाडे सापडले. मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेल्या कोळशाच्या जागी, काम गेलेल्या खाणकामगारांनी आपलं आपण मिळेल त्या फळ्या-वाशांनी उभे केलेले. ना इंजिनिअर, ना नकाशा. कोळसा संपला की तसेच टाकून पुढं जायचे. कोसळायला आलेल्या त्या खोपट्यांनासुद्धा या दोघांनी राजवाड्याइतकाच मान दिला: समोरून, ताठ, ढगाळ उजेडात.

आणि झीगनची घरं! काळ्या लाकडी चौकटी आणि मधल्या पांढऱ्या भिंती. कागदावर रेघा मारल्यासारखी दिसतात. बहुतेक 1870 ते 1914 या काळातली कामगारांची घरं. लाकडांची मांडणी इतकी साधी का, तर लोखंड वितळवायला कोळसा लागायचा लाकडाचा, जंगल वाचवणं भाग होतं, म्हणून 1790 च्या एका कायद्यानं घराला नक्षीपुरतं जास्तीचं लाकूड वापरायला बंदी केली होती. जेवढं घर तोलायला लागेल तेवढंच. बंदीतून ते रूप आलं. बेर्न्टच्या गावची ही घरं त्यांनी वर्षानुवर्षं टिपली, आणि 1977 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.

त्याआधी 1970 मध्ये पहिलं पुस्तक आलं होतं. नाव 'अनामिक शिल्पं' अशा अर्थाचं. ज्यांनी ही बांधकामं केली त्यांची नावं कुठं कोरलेली नाहीत, आणि त्यांनी ती शिल्पं म्हणून केलेलीही नाहीत. नाव वाचून अमेरिकेतले नव्या वळणाचे शिल्पकार यांच्याकडे ओढले गेले. 1972 मध्ये जर्मनीतल्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही. 1990 मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह मिळाला, तो फोटोग्राफीचा नव्हे, शिल्पकलेचा! आयुष्यात छिन्नीला हात न लावलेल्या माणसांना शिल्पकलेचं सर्वोच्च बक्षीस. पुढे 2002 मध्ये इरॅस्मस आणि 2004 मध्ये हॅसलब्लाड हे मोठे पुरस्कार झाले.

त्यांच्या फोटोंनी एक इमारत वाचायला हातभार लागला, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. डॉर्टमुंडमध्ये झोलर्न नावाची कोळसा खाण. तिचं यंत्रघर विसाव्या शतकाच्या आरंभीचं, लोखंड आणि काचेचं, प्रवेशदार रंगीत काचांचं, वेलबुट्टीचं. खाण 1966 मध्ये बंद पडली आणि यंत्रघर पाडायचं ठरलं. बेशर दांपत्य आणि आणखी काही मंडळी सरकारदरबारी लिहीत राहिली, आणि 1969 च्या अखेरीस ते पाडणं थांबलं. कारखान्याची वास्तू राष्ट्राचा वारसा म्हणून जपायची, ही गोष्ट जर्मनीत तिथून सुरू झाली असं मानतात. आज तिथं उद्योगांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. 1982 च्या संपानंतर गिरणगावातल्या चिमण्या एकेक करून पडल्या, तेव्हा कुणी असं चिवटपणे शेवटपर्यंत मागे लागलं असतं तर, असं मला अनेकदा वाटतं. पण तो वेगळा लेख होईल.

टीकाही झाली, आणि ती मला अगदीच गैरलागू वाटत नाही. एवढे कारखाने, पण कामगार कुठं? घाम कुठं, अपघात कुठं? यातल्या काही भट्ट्यांवर हिटलरच्या काळात बंदी आणि गुलाम राबवले गेले, त्याचा मागमूस या स्वच्छ फोटोंत कसा नाही? खरंय. या फोटोंत दुःख दिसत नाही. पण मी असंही म्हणेन की दुःख सांगणारे पुष्कळ होते, मनोऱ्याचे पाय मोजणारं कुणी नव्हतं.

माझी खरी तक्रार आहे ती दुसरीच. 1976 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीनं फोटोग्राफीच्या प्राध्यापकपदावर बेर्न्ट यांना नेमलं. एकट्या बेर्न्ट यांना. ज्या बाईनं विद्यार्थिनी असताना त्याच अकादमीत फोटोग्राफीची डार्करूम उभी केली, जिनं नवऱ्याला हे तंत्र शिकवलं, तिला पद नाही. 1996 पर्यंत वीस वर्षं विद्यार्थी त्यांच्या घरी यायचे, आणि शिकवायचे दोघं. पगारपत्रकावर नाव एकाचं. कुठला फोटो कुणी काढला असं विचारलं की दोघंही सांगायला नकार द्यायचे, कारण आम्हालाच ते महत्त्वाचं वाटत नाही. हे मोठेपण झालंच. पण असं न सांगण्याची किंमत दोघांना सारखी पडते का, हे महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारून बघा.

विद्यार्थी मात्र एकाहून एक निघाले. आंद्रेआस गुर्स्की, थोमास श्ट्रूथ, थोमास रूफ, कांडिडा होफर. यांतल्या गुर्स्कीच्या ऱ्हाइन नदीच्या एका फोटोला 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरच्या वर किंमत आली. त्या वेळी तो जगातला सगळ्यात महागडा फोटो होता. हिरवं गवत, करडी नदी, करडं आभाळ. पलीकडच्या काठावर एक कारखान्याची इमारत होती, ती त्यानं कॉम्प्युटरवर पुसून टाकली. गुरूंनी जन्मभर कारखाने टिपले, शिष्यानं पुसला! हिला यांचं त्यावर काय मत होतं कुणास ठाऊक. मला विचारायला आवडलं असतं.

22 जून 2007 रोजी बेर्न्ट गेले. हिला यांनी त्यानंतरही निगेटिव्हच्या त्या प्रचंड साठ्यावर काम चालू ठेवलं. 10 ऑक्टोबर 2015 रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये त्या गेल्या, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दोघांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. त्यातल्या कितीतरी फोटोंतली वस्तू आता जगात नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं कौलारू घर आहे. दगडी जोतं, लाकडी खांबांची पडवी, माडीला पाच खिडक्या. आजींची मुलं बाहेरगावी असतात. घर विकायचं चाललंय असं ऐकलं, म्हणून आषाढात एका ढगाळ सकाळी सात वाजता मी मोबाइल ठेवून विद्यार्थ्याचा उसना कॅमेरा घेऊन गेले. समोरच्या शिक्षकांच्या गच्चीवर स्टूल मांडलं. विजेच्या तारा आडव्या येत होत्या, डावीकडे रिक्षा उभी होती. रिक्षावाल्याला उठवून ती हलवून घेतली. कॅमेरा सरळ धरायला अर्धा तास गेला. पाय थरथरत होते, आणि स्टूल एका बाजूला बसत होतं.

एवढ्यात आजी अंगण झाडायला बाहेर आल्या. वर बघितलं, खराटा तसाच हातात.

"काय गं बाई, महापालिकेकडनं आलीस का? रस्ता रुंद करतायत?"

"नाही हो आजी, मी गल्लीतलीच. फोटो काढतेय घराचा."

"घराचा?" त्यांनी मागं वळून घराकडे पाहिलं. "मग थांब जरा, वाळत घातलेली लुगडी आत घेते."

मी म्हटलं, राहू देत. पण त्या गेल्याच होत्या. लुगडी काढून, पडवीतली बादली आत नेऊन, दाराशी पाणी शिंपडून परत आल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. मला त्यांना बाजूला व्हा म्हणायचं धाडस झालं नाही. खांब मात्र मी मोजले. पडवीला सहा आहेत, म्हणजे पाच खण.